साहेबांची माफी

म्हैस हलेपर्यंत केळुसकरसाहेब थांबले. ती पहिल्या पट्ट्याच्या बरोबर मधोमध उभी होती आणि तिला कुठेही जायची घाई नव्हती.

"डॉक्टर, तुमचा पेशंट," शिरगुप्पे म्हणाले.

मी त्या तालुक्यात सरकारी गुरांचा डॉक्टर होतो. त्यामुळे मैदानावर चरणारं प्रत्येक जनावर माझी वैयक्तिक जबाबदारी आहे, असं आमच्या गोल्फ मंडळाचं मत होतं. चेंडू ताज्या शेणात पडला तर दंड न भरता उचलता येतो, असा आमच्याकडे नियम होता, आणि शेण ताजं की शिळं याचा निवाडा माझ्याकडे यायचा. माझ्या पदवीला इतका मान पुढे कुठल्याच जिल्ह्यात मिळाला नाही.

मी म्हशीला हाकललं. साहेबांनी काठी फिरवली. चेंडू सरळ गेला. साहेबांचा चेंडू नेहमी सरळच जायचा, फक्त हल्ली लवकर थांबायचा.

"वा साहेब," आम्ही सगळे म्हणालो. ते दर फटक्याला म्हणायची पद्धत होती.

हे मैदान धरणाच्या वसाहतीला चिकटून होतं. धरण बांधताना एक परदेशी सल्लागार आले होते. धरणाबद्दल त्यांनी दिलेला सल्ला कोणी फारसा मनावर घेतला नाही, पण संध्याकाळी खेळायला नऊ होलचं मैदान हवं म्हणाले, ते मात्र खात्याने मुदतीत बांधून दिलं. आखणी केली खात्यातल्या तरुण इंजिनिअर केळुसकरांनी. सल्लागार मायदेशी गेले आणि मैदान आमच्या लोकांच्या गळ्यात पडलं. मग आपल्याकडे जे होतं ते झालं. मंडळ झालं. पाटबंधारे गोल्फ मंडळ. एक अध्यक्ष, दोन उपाध्यक्ष, आणि दर रविवारी स्पर्धा. हिरवळीला पाणी पुरत नसे, कारण आम्ही धरणाच्या अगदी पायथ्याशी होतो. म्हणून होलभोवती जळकं तेल घालून घट्ट केलेली वाळू असायची. तिच्यावरून चेंडू ढकलायचा.

आता एक शब्द सांगितल्याशिवाय पुढे जाता येत नाही. गोल्फमध्ये ज्याला फटके कमी लागतात तो जिंकतो, म्हणून कच्च्या खेळाडूचे काही फटके हिशेबातून सोडून देतात, म्हणजे तोही पक्क्या खेळाडूशी बरोबरीने झुंजू शकतो. इंग्रजीत त्याला हँडिकॅप म्हणतात. पाटबंधारे खात्याला तो शब्द जड गेला. त्यांनी पाणीपट्टीतला आपला शब्द उचलला, माफी. "तुमची माफी किती?" "माझी चोवीस." नवीन माणूस हे ऐकून गोंधळायचा, मग सरावायचा. माझी खरोखरच चोवीस होती. साहेबांची चार.

चार ही त्यांच्या भरातल्या दिवसांतली. आता सत्तरी उलटली होती, खांदा आखडला होता, आणि त्यांना वीस दिली असती तरी कोणी हरकत घेतली नसती. पण माफी उतरायची आपोआप आणि वाढायची मात्र मागितल्यावरच. सभासदाने मंडळापुढे उभं राहून स्वतःच्या तोंडाने मागायची. पूर्वी दोन कंत्राटदार एकमेकांची माफी परस्पर वाढवायचे, इतकी की पहिला फटका मारण्याआधीच त्यांतला एक जण जिंकलेला असे. ते बंद करायला हा नियम आला. नियम लिहिला होता केळुसकरसाहेबांनी.

त्यामुळे साहेब दर रविवारी सगळ्यांत सुबक खेळायचे आणि शेवटून दुसरे यायचे. शेवटचा मी.

हे असंच चालायला माझी हरकत नव्हती. पण त्यांच्या घरी बोगी नावाची कुत्री होती. बोगी म्हणजे रेल्वेची नव्हे, ठरल्यापेक्षा एक फटका जास्त लागला की त्याला बोगी म्हणतात. तिच्या कानाचं दुखणं मिटत नव्हतं, म्हणून मी आठवड्यातून एकदा जायचो. साहेब कुत्रीला धरायचे, मी कानात औषध सोडायचो, आणि साहेबांच्या पत्नी, म्हणजे आमच्या सगळ्यांच्या काकू, चहा करायच्या.

एकदा चहात साखर कमी पडली. काकूंनी डालड्याचा जुना, पोचे आलेला डबा माझ्यासमोर ठेवला. मागे फळीवर स्टीलचे डबे ओळीने चकाकत होते.

"काकू, एवढे डबे असताना साखर यात?"

"ते यांचे आहेत," काकू म्हणाल्या. "नाव बघा."

प्रत्येक डब्यावर टिंबाटिंबांनी कोरलेलं होतं, 'वि. ना. केळुसकर, रविवार प्रथम'. मंडळाचं बक्षीस म्हणजे स्टीलचं भांडं, आणि जागेवर नाव घालून द्यायची पद्धत. तूरडाळ, मूगडाळ, चणाडाळ, पोहे, रवा, सगळं साहेबांनी जिंकलेल्या डब्यांत होतं.

"माहेरून आणलेल्या भांड्यांवर माझ्या वडलांचं नाव," काकू सांगू लागल्या. "सासरच्या भांड्यांवर सासऱ्यांचं. यांच्यावर यांचं. या घरात चाळीस वर्षं भांडी घासतेय, पण एकावर माझं नाव असेल तर शपथ. एकदा म्हटलं यांना, पुढचं जिंकाल त्यावर माझं घाला. कबूल केलं. साखरेचा राहिला होता, तो माझ्या नावाचा आणतो म्हणाले."

"मग?"

"मग काय. तेव्हापासून जिंकायचेच बंद झाले."

साहेब कुत्रीच्या कानात पाहत होते. मंडळाच्या बैठकीत डास मारावा इतक्या सहज ते म्हणाले, "यंदा आणतो."

"भाजीबाजारात मिळतो साहेब," मी म्हणालो. "नावही घालून देतात."

त्यांनी माझ्याकडे पाहिलं. "विकतचा डबा विकतचाच राहतो, डॉक्टर."

"राहू दे हो," काकू म्हणाल्या. "डालड्याच्या डब्यातलीसुद्धा साखर गोडच लागते." मग बोगीला बिस्किट घालता घालता सहज म्हणाल्या, "फक्त जरा लवकर आणा. मला तपासायला सांगलीला बोलावलंय पुन्हा."

साहेबांनी बोगीचा कान पुन्हा एकदा पुसला. मग मला फाटकापर्यंत पोचवायला आले.

माफी ठरवायची आम्हा तिघांची समिती होती. शिरगुप्पे, ज्यांचं पंपांचं दुकान होतं. मुल्लासर, हायस्कूलचे हेडमास्तर. आणि मी, कारण तिसरा कोणी तयार नव्हता. मी दोघांना दुकानात गाठलं आणि डब्याची गोष्ट सांगितली.

शिरगुप्पे बराच वेळ एका पंपाची पितळी चकती पुसत राहिले. "वाढवायला पायजे. पण सांगायचं कुणी? साहेबांनी आमच्या बापाच्या शेतात पाणी आणलं. आन् मी त्येंना माफी देऊ व्हय?"

"देणं आपल्या हाती नाही," मुल्लासर म्हणाले. "त्यांनी मागितली पाहिजे. नियम आहे."

"मागतील का?"

"डॉक्टर, या माणसाला एका पुढाऱ्याने सांगितलं होतं, कालवा माझ्या मळ्यातून वळव, नाहीतर माझी माफी माग. यांनी कालवा वळवला नाही, आणि माफीही नाही. बढती तीन वर्षं अडली. ते आपल्याकडे काय मागतात?"

"शब्दच वंगाळ हाय," शिरगुप्पे म्हणाले. "सवलत तरी म्हणायचं हुतं."

मग आम्ही जे ठरवलं ते तीन सुशिक्षित माणसांनी एकत्र बसल्याशिवाय सुचत नाही. ठरलं असं की, माफी वाढवता येत नसेल तर खेळ उतरवायचा. येत्या रविवारी सगळ्यांनी हरायचं. निरोप फिरला. सगळ्यांना कल्पना आवडली. अनेकांना तर त्यासाठी वेगळं काही करावं लागणार नव्हतं.

त्या रविवारी साहेब सुरेख खेळले. इतर लोक झुडपांत, चरात, एक जण तर शेजारच्या भुईमुगात खेळत होता. मी नेहमीसारखा खेळलो आणि माझं कौतुक झालं. घोटाळा केला तो शिरगुप्प्यांनी. हा मनुष्य एरवी चेंडूसमोर उभा राहिला की दात आवळायचा, खांदे कानाला लावायचा. आज हरायचंच आहे म्हटल्यावर तो सैल सुटला. कुठेही बघून काठी फिरवायचा आणि चेंडू सुतासारखा झेंड्याकडे निघायचा.

"अहो, काय करताय?" मुल्लासर दबक्या आवाजात म्हणाले.

"मी काय करतोय? त्योच जातोय," शिरगुप्पे घामाघूम झाले होते. "आयुष्यात कधी गेला न्हाई, आज जातोय."

शेवटच्या होलपाशी आलो तेव्हा एवढंच उरलं होतं. साहेबांनी आपला चेंडू होलमध्ये घातला होता. शिरगुप्प्यांचा होलपासून वीतभर. तो एका फटक्यात गेला तर शिरगुप्पे जिंकणार, दोनांत गेला तर बरोबरी, तीन लागले तर डबा साहेबांचा.

शिरगुप्प्यांनी चेंडू ढकलला. तो होलच्या शेजारून गेला. परत ढकलला. दुसऱ्या बाजूने गेला. तिसऱ्यांदा त्यांनी होलकडे पाठ करून ढकलला असं म्हणणं अन्यायाचं होईल, पण फार अन्यायाचं नाही.

"वा साहेब," मागून कोणीतरी घाईने म्हणालं.

साहेब हलले नाहीत. एकेकाकडे पाहत गेले. भुईमुगातून आलेल्या माणसाच्या पायाला अजून माती होती.

"शिरगुप्पे," ते म्हणाले, "तुमच्या वडलांना मी पाणी दिलं ते मेहेरबानी म्हणून नाही. त्यांचा हक्क होता."

"व्हय साहेब."

"मग माझ्यावर का मेहेरबानी करता?" मग मुल्लासरांकडे वळले. "आणि मास्तर, तुम्ही? मुलांना हेच शिकवता?"

मुल्लासरांनी मान खाली घातली. मी म्हणालो, "साहेब, तसं नाही," आणि पुढे काय म्हणायचं ते ठरलेलं नसल्यामुळे तिथेच थांबलो.

"लाज वाटायला पाहिजे. सगळे मिळून मला भीक घालता?" साहेबांचा आवाज पहिल्यांदाच चढलेला ऐकला. त्यांनी हातातली काठी कालव्यात फेकली आणि तसेच वसाहतीकडे चालू लागले. काठी वाहत जाताना दिसत होती. तिच्यामागे कोणी गेलं नाही. साहेबांच्याही.

डबा शिल्लक राहिला. नाव न घालता कपाटात ठेवून दिला.

पुढच्या रविवारी साहेब येणार नाहीत असं आम्ही धरून चाललो होतो. ते आले. आंघोळ करून, इस्त्रीचा पांढरा शर्ट घालून. हातात काठ्यांची पिशवी नव्हती. आम्ही शेडमध्ये पोहे खात होतो, ते दारात उभे राहिले तसे सगळे बशा खाली ठेवून उठलो.

"बसा," ते म्हणाले. कोणी बसलं नाही.

त्यांनी घसा खाकरला. शर्टाचं वरचं बटण लावलेलं होतं तरी पुन्हा चाचपलं. या माणसाला मी भर सभेत कलेक्टरला खोडून काढताना पाहिलं होतं.

"मी," साहेब म्हणाले, "मंडळाकडे माफी मागायला आलो आहे."

बाहेर म्हैस रवंथ करत होती ती शेडमध्ये ऐकू आली. शिरगुप्प्यांच्या डोळ्यांत पाणीच आलं. ते पुढे धावले आणि साहेबांच्या पाया पडले.

"साहेब, असं म्हणू नका. आमास्नी पाप लागंल."

"नाही, ऐका. मला—"

"आपण वडीलधारे," मुल्लासर हात जोडून म्हणाले. "चूक आमची. आपण माफी मागायची नाही. आम्ही ती मागू देणार नाही."

"देणार नाही?" साहेबांनी विचारलं.

"मुळीच नाही," मुल्लासर म्हणाले.

"मुळीच नाही," सगळे म्हणाले. मीही.

साहेबांनी आमच्याकडे पाहिलं. शिरगुप्पे अजून पायांशी होते, त्यांच्या डोक्यावर साहेबांचा हात काय करावं ते न कळून टेकला होता. मग त्यांच्या चेहऱ्यावर एक बारीकसं हसू आलं. आम्हाला ते मन मोकळं झाल्याचं वाटलं.

"बरं," ते म्हणाले. "मग आहे तशीच राहू द्या."

आम्ही त्यांना पोहे दिले. त्यांनी ते सगळे खाल्ले, बशी स्वतः विसळली. मग उसन्या काठ्यांनी खेळले आणि शेवटून दुसरे आले. 'वा साहेब' त्या दिवशी जरा जास्तच मोठ्याने म्हटलं गेलं. परत येताना मुल्लासर म्हणाले, "मोठा माणूस, डॉक्टर. एवढ्याशा गोष्टीसाठी माफी मागायला आला." मी हो म्हणालो. 'आहे तशीच' या शब्दांपाशी मन जरासं अडखळलं होतं, पण आपल्या भाषेत माणसं काहीही म्हणतात.

त्यानंतर महिन्याभरात माझी विदर्भात बदली झाली. बोगीचा कान बरा झाला होता.

परत यायला बरीच वर्षं लागली. केळुसकरसाहेब गेल्याचं कळलं होतं. मंडळाने त्यांच्या स्मरणार्थ मोठी स्पर्धा ठेवली होती आणि शिरगुप्प्यांनी आग्रहाचं बोलावणं केलं. आदल्या संध्याकाळी मी वसाहतीत गेलो. दार काकूंनी उघडलं.

मी चपापलो असणार. काकू हसल्या. "मी जाणार होते ना? सगळ्यांना तसंच वाटलं होतं. यांनासुद्धा. पण ते घाई करून पुढे गेले. या, चहा घेता ना?"

फळीवरचे डबे तसेच होते. दाराजवळ एक भलंमोठं नवं पिंप होतं. त्यावर कोरलेलं, 'कै. वि. ना. केळुसकर साहेब यांच्या स्मरणार्थ, मंडळाकडून सप्रेम'.

"पाणी भरायला बरं आहे," काकू म्हणाल्या. "नाव दारातूनच वाचता येतं."

त्यांनी चहा ठेवला. फडताळातून डालड्याचा डबा काढला. त्याचं झाकण आता बसत नव्हतं, वर वाटी पालथी घातलेली होती.

"राहिलाच तो," मी म्हणालो.

"राहिला. तुम्हाला एक विचारू का, डॉक्टर? रागवू नका. आता काही त्याचं नाही. त्यांची माफी तुम्ही लोकांनी वाढवली का नाहीत?"

"त्यांनी मागितली नाही, काकू."

चमचा त्यांच्या हातात तसाच राहिला. "असं कसं? मीच नाही का पाठवलं त्यांना? काठी फेकून आले त्या रात्री मी म्हटलं, जन्मभर कुणाकडे मागितली नाहीत, आता एकदा माझ्यासाठी मागा. आठवडाभर ऐकेनात. मग शनिवारी स्वतःच म्हणाले, शर्टाला इस्त्री कर. आत जाऊन बोलून बघत होते, कसं म्हणायचं ते. मी इथून ऐकत होते."

चहा उतू गेला. त्यांनी शांतपणे गॅस बारीक केला.

"आले, तर विचारलं, काय झालं? म्हणाले, नाही दिली. मी म्हटलं, कोण नको म्हणालं? म्हणाले, सगळेच. एकमताने." काकूंनी माझ्या कपात साखर घातली. "मी म्हटलं, मग पुन्हा मागा. तर म्हणाले, तेवढी एकदाच होती."

मी चहा प्यायलो. गोड होता.

"पाया पडले म्हणे शिरगुप्पे," काकू म्हणाल्या. "नाही म्हणायचं होतं तर पाया कशाला पडायचं, ते यांना काही शेवटपर्यंत कळलं नाही."

मी त्यांना सांगायला हवं होतं की नव्हतं, हे मी रात्रभर ठरवत होतो. दुसऱ्या दिवशी स्पर्धा सुरू होण्याआधी शिरगुप्पे वहीवरून नावं वाचत होते. मला बघून म्हणाले, "डॉक्टर पाहुणे. इतक्या वर्षांनी खेळतायत. तीस माफी."

"मी मागितलेली नाही," मी म्हणालो.

"पाहुण्याला काय मागाय लावायचं?"

तीस माफी असली की माणसाला फार काही करावं लागत नाही. मी जिंकलो. माझ्या आयुष्यात मी जिंकलेली ती एकच स्पर्धा. झाडाखाली टेबल मांडलं होतं, त्यावर झाकणाचा स्टीलचा डबा, साखर मावेल एवढा. शेजारी नाव घालणारा आपलं यंत्र घेऊन बसला होता. टाळ्या झाल्या. शिरगुप्प्यांनी डबा त्याच्यासमोर सरकवला.

"घाल, डॉक्टरसाहेबांचं नाव घाल."

"माझं नको," मी म्हणालो. "केळुसकरकाकूंचं घाला."

शिरगुप्पे माझ्याकडे बघत राहिले. मग त्यांना ती डब्याची जुनी गोष्ट आठवली असावी. "लई बेस," ते म्हणाले. "हे आपल्याला कधी सुचलं न्हाई. घाल रे, काकूंचं घाल."

कारागिराने यंत्र सुरू केलं. सुई गुणगुणू लागली.

"काकूंचं," तो म्हणाला, "म्हणजे नाव काय?"

मी शिरगुप्प्यांकडे पाहिलं. शिरगुप्प्यांनी मुल्लासरांकडे. मुल्लासर आता थकले होते, पण तालुक्याच्या तीन पिढ्यांची हजेरी त्यांना पाठ होती. त्यांनी डोळे मिटून घेतले, ओठ हलवून बघितले आणि डोळे उघडले.

"श्रीमती केळुसकर घालू या," ते हळूच म्हणाले.

"ते तर साहेबांचंच झालं," मी म्हणालो.

मागे मंडळ उभं होतं. त्यातल्या बहुतेकांनी त्या घरी चहा घेतलेला होता. मी एकेकाकडे पाहत गेलो, साहेब पाहत गेले होते तसा. कोणी चपलेकडे बघत होतं, कोणी धरणाकडे. वसाहतीतली घरं झाडांमागे दिसत होती, तिथपर्यंत चालत जाऊन विचारून येता आलं असतं. कोणी निघालं नाही. एवढ्या वर्षांनी काय म्हणून विचारणार?

कारागिराला आमची अडचण कळत नव्हती. त्याने डबा मांडीवर आडवा घेतला, आपल्या बाहीने पुसला आणि सुई पत्र्याच्या अगदी जवळ आणून धरली.

"सांगा," तो म्हणाला.